गरीब देशांत आरोग्यावरचा पहिला पैसा कुठे जावा?

पायवाट

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत थांबवली आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत एचआयव्ही, मलेरिया, क्षयरोगाची चालू कामं एकाएकी अडली. दवाखाने त्यांचे, रुग्ण त्यांचे, पण औषधं आणि पगार दुसऱ्याच्या तिजोरीतून. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्या देशाची तिजोरीच तोकडी आहे, त्याने आरोग्यावरचा पहिला पैसा कशावर खर्चावा?

माझं मत असं: गावातच राहणारी, नीट शिकवलेली, दरमहा पगार घेणारी आरोग्य कार्यकर्ती, आणि तिच्या पेटीत वेळच्या वेळी पोचणारी औषधं. आधी हे दोन. मोठी रुग्णालयं, विमा योजना, यंत्रसामग्री त्यानंतर.

बांगलादेशचं उदाहरण घ्या. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक संस्थेच्या बायकांनी घरोघरी जाऊन जुलाब झालेल्या मुलाला मीठ-गुळाचं पाणी कसं करून पाजायचं ते आयांना शिकवलं. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटी वीस लाखांच्या वर घरं झाली. यात मला सगळ्यात भावते ती मोबदल्याची रीत. शिकवणारीने किती उंबरे झिजवले यावर तिचे पैसे ठरत नसत. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी त्यातल्या काही घरांत जायचं, आईला किती आठवतंय ते विचारायचं, आणि तिच्या उत्तरांवर शिकवणारीचा मोबदला ठरायचा. काम झालं की नाही, हे कार्यालयातल्या वहीतून नाही, आईच्या तोंडून कळायचं.

इथिओपियाने २००३ पासून तेच सरकारी पातळीवर केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या मुली, वर्षभराचं प्रशिक्षण, प्रत्येक केबेलेत (तिथलं सगळ्यात लहान प्रशासकीय क्षेत्र) दोघी, आणि सरकारी पगार. तीस हजारांहून जास्त जणी नेमल्या गेल्या. इतर कितीतरी देशांनी हेच काम 'स्वयंसेविका' म्हणून फुकटात करून घेतलं. गरीब बाईच्या श्रमावर गरीब देशाची आरोग्यव्यवस्था चालवायची, याची मला मनापासून चीड येते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात मोबदला द्या, अशी शिफारस केली आहे.

आणि दारात शुल्क नको. केनियात गर्भवतींना मच्छरदाण्या देण्याचा एक प्रयोग झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. फुकट मिळणाऱ्या मच्छरदाणीला साठ अमेरिकी सेंट किंमत लावल्यावर शंभरातल्या सुमारे साठ जणी मागे फिरल्या. पैसे मोजून घेणाऱ्या ती जास्त वापरतात म्हणावं, तर तेही दिसलं नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

हिशेबी

पटत नाही. मच्छरदाणीवरून सगळ्या आरोग्यसेवेचा निष्कर्ष काढू नका. उद्या होणारा आजार टाळायला माणूस आज पैसे काढत नाही, हे जगभर दिसतं. पण मूल तापाने फणफणलं की तोच माणूस कर्ज काढून खाजगी डॉक्टर गाठतो. म्हणजे पैसे जातातच, फक्त सरकारी दवाखान्यात जात नाहीत, कारण तिथे औषध नसतं.

१९८७ चा बामाको उपक्रम विसरला जातो. आफ्रिकेतल्या आरोग्यमंत्र्यांनी शुल्काचा मार्ग गरिबांचा द्वेष म्हणून स्वीकारला नव्हता. 'मोफत' दवाखान्यांची कपाटं रिकामी होती. थोडं शुल्क घ्या, ते गावाच्याच हातात ठेवा, त्यातून औषधं पुन्हा भरा, हा विचार होता.

आता युगांडा बघा. मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क रद्द झालं. गर्दी वाढली, गरीब जास्त येऊ लागले, हे चांगलंच झालं. पण अतिगरीब घरांचं कंबरडं मोडणारा खर्च कमी झाला नाही. वाढलेल्या गर्दीला औषधं पुरेनात, मग चिठ्ठी घेऊन लोक बाहेरच्या दुकानात. शुल्क गेलं आणि पदरमोड तशीच राहिली. मोफत म्हणायचं असेल तर त्याआधी औषधाचा पैसा कुठून येणार ते सांगा.

पायवाट

हिशेबी, युगांडाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. म्हणूनच तर कार्यकर्ती आणि औषधं असं जोडीने म्हणालो. शुल्क काढलं आणि औषधाचा पैसा वाढवला नाही, तर अर्धंच काम झालं. पण म्हणून शुल्क परत आणायचं? बहुतेक देशांत शुल्कातून दवाखान्याच्या चालू खर्चाचा अगदी लहानसा वाटा निघायचा. तेवढ्यासाठी ज्या घरात रोकडच नाही त्या घराला दारातून परत पाठवायचं, हे मला मान्य नाही. गरिबांना माफी असे कागदावर, पण गरीब कोण हे ठरवणार गावातलाच कुणीतरी वजनदार माणूस.

आफ्रिकी संघटनेच्या देशांनी २००१ मध्ये अबुजात अंदाजपत्रकाचा किमान पंधरा टक्के भाग आरोग्याला देण्याचं वचन दिलं होतं. ते पाळणारे देश मोजकेच. पैसा कुठून, याचं पहिलं उत्तर तिथे शोधायला हवं.

निळावंती

मी परिचारिका आहे, बाळंतपणाच्या खोलीत आयुष्य गेलंय. पायवाट यांच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण या मांडणीत माझ्या खोलीतल्या बायका मरतात.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने दर्जेदार आरोग्यव्यवस्थांवर नेमलेल्या आयोगाचा २०१८ चा अहवाल आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचारांनी टळू शकणारे दरवर्षीचे मृत्यू त्यांनी दोन भागांत मोजले. दवाखान्यापर्यंत न पोचल्यामुळे सुमारे ३६ लाख. पोचूनही सेवा निकृष्ट मिळाल्यामुळे सुमारे ५० लाख. दारापर्यंत आलेल्यांचे मृत्यू जास्त आहेत! आपण मात्र अजून 'पोचवा, पोचवा' एवढंच म्हणतोय.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं सांगते. जगात बाळंतिणींच्या मृत्यूंचं हे सगळ्यात मोठं थेट कारण. गावातली कार्यकर्ती कितीही हुशार असली तरी हा रक्तस्राव तिच्या पेटीने थांबवता येईल असं मी कुणाला सांगणार नाही. गर्भाशय आवळायला देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली, फ्रीज बंद पडला, कुपी खिडकीत राहिली, तर औषधाचा जोर उतरतो. बाहेरून कुपी तशीच दिसते. आपण टोचतो आणि गर्भाशय आवळतच नाही.

दुसरी अडचण रक्त मोजण्याची. चादरीत, फरशीवर, बादलीत किती गेलं याचा अंदाज आम्ही नजरेने करतो आणि तो जवळजवळ नेहमी कमी निघतो. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतल्या अभ्यासाचे निकाल आले. बाईखाली प्लास्टिकचं एक आवरण पसरायचं, त्याला खाली पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त ठरलेल्या रेघेवर आलं की कुणाच्या परवानगीची वाट न बघता मालिश, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एका दमात सुरू करायचं. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून साठ टक्क्यांनी घटलं. यातलं एकही औषध नवं नाही. वेळेवर मोजणं आणि हात तयार असणं, एवढाच फरक.

असे तयार हात गरीब देशांत टिकत नाहीत. मलावीतल्या परिचारिका ब्रिटनला निघून जात होत्या. २००४ मध्ये त्यांच्या सरकारने देणगीदारांच्या मदतीने निवडक पदांचे पगार ५२ टक्क्यांनी वाढवले, शिकवणाऱ्या संस्थांची क्षमता वाढवली, तेव्हा संख्या सावरली. पहिला पैसा तिथे घाला.

त्रयस्थ

पगार, पगार आणि पगार. पण पगार घेऊन हजर कोण राहतं? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा इथल्या सरकारी दवाखान्यांत न सांगता जाऊन पाहिलं. सरासरी ३५ टक्के कर्मचारी जागेवर नव्हते.

यावर लक्ष ठेवा म्हणाल, तर तेही करून झालंय. उदयपूर जिल्ह्यात एका संस्थेने परिचारिकांची हजेरी यंत्रावर नोंदवायला सुरुवात केली, गैरहजर राहिलं तर पगारकपात. पहिले काही महिने हजेरी सुधारली. मग प्रशासनानेच 'सवलतीचे दिवस' वाटायला सुरुवात केली आणि वर्ष-दीड वर्षात सगळं होतं तिथे आलं. खात्याला स्वतःच्याच माणसाला शिस्त लावायची नसते.

म्हणून सेवा कंत्राटाने बिगरसरकारी संस्थांकडे द्याव्यात, अटी लिहून घ्याव्यात, तपासणी तिसऱ्याने करावी. अफगाणिस्तानात २००३ पासून मूलभूत सेवांचा ठरलेला संच असाच दिला गेला. युद्ध सुरू असताना, डोंगरदऱ्यांत. सरकारी खात्याला तिथे काहीच उभं करता आलं नसतं.

हिशेबी

त्रयस्थ, ऑगस्ट २०२१ नंतर काय झालं तेही लिहा. देणगीदारांनी हात आखडले आणि दवाखान्यांतले पगार, औषधं, डिझेल सगळं थांबलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना मध्ये पडावं लागलं. कंत्राट चांगलं असेलही, पण त्याचा पैसा परक्या राजधानीत ठरत होता.

त्रयस्थ

पैसा आटला हा कंत्राटाचा दोष नाही. सरकारी खातं असतं तरी त्या महिन्यात पगार झालाच नसता. पैसा स्वतःचा आणि काम कंत्राटाने, असं का नको?

दोन ओळी

औषधांबद्दल एक. झांबियात २००९ च्या सुमारास दोन पद्धती शेजारी शेजारी लावून पाहिल्या. दोन्हींत मागणीचं गणित बघायला जिल्ह्यात एक माणूस नेमला. एकीत औषधं जिल्ह्याच्या गोदामात साठवून मग पुढे जायची, दुसरीत दवाखान्याच्या नावाने बांधलेली खोकी जिल्ह्यावर न उघडता तशीच पुढे. दुसरीत तुटवडा जास्त कमी झाला. औषध देशात असतं, मधल्या गोदामात अडतं. यासाठी ना शुल्क लागतं ना नवं रुग्णालय.

पायवाट

दोन ओळी यांचं म्हणणं अगदी पटलं.

त्रयस्थ, गैरहजेरीचा आकडा खरा आहे, पण तो दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचा, गावच्या कार्यकर्तीचा नव्हे. गावातच घर असलेल्या बाईची गैरहजेरी शेजारीण त्याच दिवशी ओळखते. युगांडात ५० दवाखान्यांपैकी निम्म्यांच्या गावांत लोकांना दवाखान्याचं प्रगतिपुस्तक दाखवून कर्मचाऱ्यांशी समोरासमोर बसवलं, तेव्हा बालमृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्रयस्थ

आणि नंतर युगांडातच तो प्रयोग आणखी मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही. तेही सांगायला हवं. शिवाय ब्रॅकची जी रीत तुम्हाला भावते ती कामावर मोबदला देण्याचीच आहे, ठरलेल्या पगाराची नव्हे. रवांडात २००६ पासून आरोग्यकेंद्रांना कामाप्रमाणे पैसे दिले. दवाखान्यातली बाळंतपणं २३ टक्क्यांनी वाढली, पण गर्भारपणातल्या चार तपासण्या पूर्ण करणाऱ्या बायका वाढल्या नाहीत. म्हणजे मोबदला कशावर लावता त्यावर सगळं आहे, आणि ते तपासायला बाहेरचा माणूस लागतोच.

पायवाट

ठरलेला पगार हवाच, त्यावर थोडा भाग आईच्या उत्तरावर ठेवायला माझी हरकत नाही. बाहेरचा तपासनीसही चालेल. पण निळावंतीताई, तुमच्या खोलीपर्यंत बाईला वेळेत आणणार कोण? त्या ३६ लाखांना घराबाहेर काढणारं गावात कुणीतरी हवंच ना?

निळावंती

हवंच. रवांडात प्रत्येक गावात तीन कार्यकर्ते नेमले गेले, त्यातली एक फक्त आया आणि तान्ह्या बाळांकडे बघायची. त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध 'त्यानंतर' या शब्दाला आहे. तुम्ही रुग्णालयाला पुढच्या रांगेत ढकललंत. कार्यकर्तीने समजावून, मिनतवाऱ्या करून एका बाईला आमच्याकडे पाठवलं आणि ती आमच्याकडे दगावली, तर त्या गावातून वर्षभर दुसरी बाई येत नाही, आणि त्या कार्यकर्तीला कुणी दारात उभं करत नाही. ज्या वर्षी तिची नेमणूक कराल, त्याच वर्षी ती जिथे बायका पाठवणार त्या दवाखान्यात चालू फ्रीज, रात्रपाळीला दोन परिचारिका आणि रक्ताची सोय असली पाहिजे. सगळ्या देशात एकदम जमत नसेल तर थोडे जिल्हे घ्या, पण त्या जिल्ह्यांत दोन्ही एकत्र करा.

पायवाट

थोडे जिल्हे घ्यायचे म्हटलं की राजधानीजवळचेच निवडले जातात, आणि सगळ्यात लांबचे कायम यादीच्या तळाशी राहतात. निवड तळापासून करायची असेल तर माझी तयारी आहे.

निळावंती

तळापासूनच करा. तिथे जायला परिचारिका मिळावी म्हणून तिला राहायला घर आणि जास्त पगार द्यावा लागेल, तो आकडा तेवढा आधीच धरा.