मदत हवी आहे : केबीसीच्या ऑडिशनची तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. माझ्या वहिनीला 'कौन बनेगा करोडपती'त जायचं आहे अन् तिची तयारी खरंच चांगली आहे. कापूस वेचता वेचता मोबाईलवर बातम्या ऐकते, रात्री पोरांची समाजशास्त्राची पुस्तकं वाचते. 2019 मध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकले, तेव्हापासून तिनं हे मनावरच घेतलं.

नोंदणीसाठी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तरी पुढची निवड संगणक करतो, ते आपल्या हातात नाही. पण फोन आला तर? फोनवर प्रश्न विचारतात, मग ऑडिशनला सामान्य ज्ञानाची चाचणी अन् मुलाखत असते म्हणे. वहिनी घरी वऱ्हाडीच बोलते, हिंदीत अडखळते. मुलाखतीत आपली शेती, आपलं घर मोकळेपणानं कसं सांगावं, याचा सराव कोणी घेईल का?

दुसरं, 'फास्टेस्ट फिंगर'चं, म्हणजे हॉट सीटवर कोण बसणार ते ठरवणाऱ्या फेरीचं. चार पर्याय झटकन क्रमानं लावायचा सराव घरी कसा करता येईल? इतिहास तिला येतो, पण क्रिकेट अन् सिनेमात ती कच्ची आहे.

ऑडिशन दिलेलं कोणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. अन् फसवे फोन कसे ओळखायचे तेही सांगा, कारण लॉटरीच्या नावानं पैसे मागणारे इकडे खूप आहेत.