गुलमर्गचा हिवाळी हंगाम: काम करून राहिलेल्यांचे अनुभव

डिसेंबरात चांगला बर्फ साचला की गुलमर्गचा स्कीचा हंगाम सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो. हॉटेलात, स्कीच्या दुकानात किंवा सहलींबरोबर जाऊन ज्यांनी पूर्ण हंगाम तिथे काढला आहे, त्यांनी लिहावं. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या कामी येईल असं लिहा: काय न्यायचं, काय बिघडतं आणि का.

पोचणं

श्रीनगरहून अंतर साधारण 50 किलोमीटर, पण कस लागतो तो टंगमर्गनंतरच्या शेवटच्या 13 किलोमीटरला. रस्त्यावर बर्फ असला की टायरना चेन लावल्याशिवाय वर जाता येत नाही. चेन इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावायची. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाकं असतात, मागे लावून काहीच साधत नाही. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणून घ्या, पहिल्या काही फेऱ्यांत ती सैल होतेच. आणखी एक: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे घरून निघायच्या आधीच करून घ्या.

भाड्याच्या स्कीचं दुकान

गिऱ्हाइकाच्या निम्म्या तक्रारी बुटांच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा मोज्यांच्या. थंडी म्हणून लोक दोन-दोन मोजे घालतात. त्याने पाय दाबला जातो, रक्त पोचत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. एकच पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा लोकरी मोजा. पँटचा पायचा, थर्मलची शिवण, काहीही बुटात जाता कामा नये; तासाभरात नडगीवर वळ उठतो.

माप चपलेच्या नंबरावरून घेऊ नका, पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजा. 26.5 सेंमीचं पाऊल म्हणजे 26.5 चा बूट. मग आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावा आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. पूर्ण बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात. नवख्याला ताठ उभं असतानाच बूट लहान वाटतो आणि तो मोठा मागतो. देऊ नका. सैल बुटात टाच उचलली जाते आणि स्की वळतच नाही.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड. ती किती जोराला सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यात पाहून लावायचा. तळव्याची लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. बूट बदलून दिला की आकडा पुन्हा पाहायचा, गर्दीच्या सकाळी नेमकं हेच राहून जातं. आकडा जास्त झाला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. वजन विचारल्यावर लोक चार किलो कमी सांगतात, म्हणून काट्यावर उभं करणंच बरं.

संध्याकाळी परत आलेल्या स्कीच्या कडा फडक्याने कोरड्या करा. एका ओल्या रात्रीत त्यांना तांबूस गंज धरतो.

सहलीचं स्वयंपाकघर

महाराष्ट्रातल्या टूरवाल्यांबरोबर आचारी जातात, त्यांच्यासाठी. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवायच्या भानगडीत पडू नका. तासभर भिजवा, कुकर लावा आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घ्या.

गॅसची ज्योत बारीक झाली म्हणजे सिलिंडर संपला असं नाही. आतलं ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं. सिलिंडर बाहेरच्या ओट्यावर न ठेवता हवेशीर पण आडोशाच्या जागी ठेवा, अडलंच तर कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करा. उकळतं पाणी नको आणि आच तर मुळीच नको.

बटाटा फार गारठला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. वड्याचं सारण गोडसर लागतं, काचऱ्या करपल्यासारख्या दिसतात. पोती जमिनीपासून वर, घोंगडीत गुंडाळून ठेवा. रस्ता बंद झाला तर काश्मिरी लोकांची वाळवणं कामाला येतात: दुधी, वांगी, टोमॅटो. त्या वाळवलेल्या टोमॅटोची आमटी इतकी छान होते की रस्ता उघडल्यावरही करावी.

खोली

21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. रात्री नळ किंचित, धाग्यासारखा चालू ठेवायचा. गोठलाच तर तोटी उघडी ठेवून तोटीच्या बाजूने गरम पाण्याची फडकी गुंडाळत मागे जा. मधूनच तापवलं तर वितळलेलं पाणी दोन्हीकडच्या बर्फात अडकतं आणि पाइप फुटतो.

बुखारीत, म्हणजे खोली तापवायच्या लोखंडी शेगडीत, ओलं लाकूड जाळलं की धुरांड्यात काजळी चिकटते आणि धूर मागे फिरतो. नळी ठोकून नियमित साफ करा, खिडकीची एक फट उघडी ठेवा. निखाऱ्यांची शेगडी किंवा कांगडी (अंगाशी धरायचं निखाऱ्यांचं मडकं) घेऊन बंद खोलीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याने डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसं तो उंचीचा त्रास समजतात. खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो वायूच. आधी सगळे बाहेर पडा, मग दारं-खिडक्या उघडा. त्याचा अलार्म घरून न्या, ही या सगळ्या सामानातली पहिली वस्तू.

वरचा उतार

गंडोलाचा, म्हणजे इथल्या केबलकारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण 3,950 मीटरपर्यंत नेतो. जोराचा वारा असला की तो बंद, आणि मोठ्या बर्फानंतर गस्तीपथकाने उतार तपासल्याशिवाय उघडत नाही. हॉटेलच्या काउंटरवर असाल तर पाहुण्याला 'दुपारपर्यंत नक्की उघडेल' असं कधीही सांगू नका.

सुट्टीच्या दिवशी तपासलेल्या हद्दीबाहेर जायचं असेल तर बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) तिन्ही हवीत, सोबतच्या प्रत्येकाकडे. हिमस्खलनात बर्फाच्या लाद्या बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे नेमक्या स्कीला मजा येते तिथेच. बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस आणि वाऱ्याने बर्फ एका अंगाला साचवलेला असताना धोका सगळ्यात जास्त. गाडलेल्याला पहिल्या 10–15 मिनिटांत काढलं तर आशा असते, खालून मदत येईपर्यंत ती वेळ निघून जाते. बीकन अंगावर असताना मोबाइल त्यापासून किमान 20 सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना 50.

बुटांबद्दल थोडी भर

ओले बूट बुखारीला टेकवून वाळवू नका, कवच वाकडं होतं. आतला बूट बाहेर काढा, जीभ उघडी करून खोलीच्या उबेत टांगा, आणि रिकाम्या कवचाची बकलं सैल लावून ठेवा म्हणजे आकार राहतो. बूट रात्री बाहेरच्या ओसरीत राहिले तर सकाळी प्लॅस्टिक इतकं कडक होतं की पाय आत जात नाही.