पारेसिया: नीतिधैर्य, स्पष्टवक्तेपणा की आणखी काही?

मंडळी, एक शब्द अडलाय. एका दिवाळी अंकासाठी सॉक्रेटिसवर लेख लिहितेय, त्यात माझं एक वाक्य आहे की खरं बोलणं आणि त्याला लागणारं धाडस हा पाश्चात्त्य संस्कृतीचा पाया. मूळ ग्रीक शब्द पारेसिया. मी 'नीतिधैर्य' लिहून मोकळी झाले तर संपादक म्हणाले, अहो हे तर पेपरात पोलिसांचं खच्ची होतं ते! आणि खरंच की, नीतिधैर्य म्हणजे आता नुसती उमेद, मनोधैर्य असंच झालंय, त्यातली नीती कधीच गळून गेली. शब्दाची फोड सरळ आहे, पान म्हणजे सगळं आणि पुढे बोलणं, म्हणजे मनात काही न ठेवता सगळं बोलणं. स्पष्टवक्तेपणा चालेल का?

प्रतिसाद:

ताई, स्पष्टवक्तेपणा अजिबात नको. 'मी बाबा स्पष्ट बोलतो' म्हणणारे कुणाला बोलतात ते बघा, वॉचमनला, सुनेला, भाजीवालीला, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनसमोर तोच माणूस गोगलगाय. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुकोने १९८३ मध्ये अमेरिकेत बर्कलीला या एका शब्दावर व्याख्यानं दिली होती, त्यात त्याचा मुद्दा हाच की बोलणाऱ्याला धोका पाहिजे, म्हणजे ज्याला बोलतोय तो आपल्यापेक्षा बलवान पाहिजे. गुरुजींनी पोराला झापलं तर ती पारेसिया नाही, पोराने गुरुजींना गणित चुकलंय सांगितलं तर आहे.

प्रतिसाद:

गंमत म्हणजे ग्रीकांनाही हा शब्द दोन्हीकडून कापायचा. चांगल्या अर्थी स्वातंत्र्य आणि वाईट अर्थी तोंडाला येईल ते बरळणं, प्लेटोने लोकशाहीला नावं ठेवताना हाच शब्द काढलाय. आपल्याकडे परखड आणि फटकळ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांच्याकडे एकातच भागवलं. पुढे रोमन लोकांनी त्याचं लॅटिन केलं लिकेन्शिया (आपलं 'लायसन्स' त्यातूनच आलं) आणि वक्तृत्वाच्या पुस्तकात चक्क त्याला अलंकार करून टाकलं. क्विंटिलियन हा रोमन वक्तृत्वशिक्षक तर सांगतो की या मोकळेपणाच्या आड बरेचदा खुशामत लपलेली असते. म्हणजे 'साहेब, राग मानू नका पण स्पष्टच सांगतो, तुम्ही तब्येतीकडे लक्ष न देता फार काम करता' 😀 दोन हजार वर्षांत काही बदललं नाही.

प्रतिसाद:

माझं मत निर्भीडपणा. कारण भीड हा शब्द फार भारी आहे आणि भीड म्हणजे भीती नव्हे. भीती वाघाची वाटते, भीड मामेसासऱ्यांची. भीड घालणं, भीडेला बळी पडणं, भीडस्त स्वभाव, भीड चेपणं, भीड भिकेची बहीण, या सगळ्यात कुणी मारेल म्हणून नाही तर समोरच्याचा मान, उपकार, नातं मोडेल म्हणून तोंड बंद ठेवलेलं आहे, आणि माणूस खोटं बोलतो ते बहुतेक वेळा याच्यामुळेच, जिवाच्या भीतीने खोटं बोलायची वेळ आपल्यावर कितीदा येते? म्हणून निर्भय माणूस लढाईवर जाईल पण घरच्या बैठकीत गप्प बसेल, निर्भीड बसणार नाही. आणि एक बघा, ग्रीकमध्ये सत्याला अलेथेइया म्हणतात, त्याची फोड बरेच जण 'न लपलेलं' अशी करतात, म्हणजे तो शब्द पण नकारातूनच झालाय. झाकण काढलं की सत्य, भीड काढली की पारेसिया. जोडी जमते.

मराठी बायबलात, प्रेषितांची कृत्ये ४:१३, पेत्र आणि योहान यांच्या पारेसियाला 'धैर्य' केलंय. चुकीचं नाही पण त्यातलं बोलणं गेलं.

प्रतिसाद:

शब्द ठीक, पण मला वाक्यातला 'पाया' खटकतोय. अथेन्समध्ये पारेसिया फक्त नागरिक पुरुषांची. बायका, गुलाम, बाहेरून येऊन राहिलेले, कुणालाच नाही. युरिपिडीसच्या नाटकात आयोन म्हणतो की माझी आई अथेन्सची निघू दे म्हणजे मला तिच्याकडून पारेसिया मिळेल, म्हणजे सातबारा मिळावा तशी! आणि ज्याने ती खरी वापरली त्या सॉक्रेटिसला सत्तराव्या वर्षी, इ.स.पू. ३९९ मध्ये, विष पाजलं, तेही हुकूमशहाने नाही, शेकडो नागरिकांच्या ज्युरीने मतदान करून. हा कसला पाया?

विषाचा पेला सगळ्यांना पाठ आहे, मला इ.स.पू. ४०६ सालचा प्रसंग जास्त मोठा वाटतो. अर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली पण वादळात बुडणाऱ्या आपल्याच माणसांना वाचवलं नाही म्हणून सेनापतींवर लोक खवळले, सगळ्यांचा एकत्र निकाल लावायचा ठराव आला, तो बेकायदा होता. अध्यक्ष मंडळात तेव्हा सॉक्रेटिस होता, बाकीचे आरडाओरड्याला घाबरले, हा नाही म्हणाला तो नाहीच म्हणाला. उपयोग शून्य, सहा जणांना मारलं, मग गावाला पश्चात्ताप झाला. 'मानियेले नाही बहुमता' म्हणणारे तुकोबा आठवले बघा.

प्रतिसाद:

दादा, पाया म्हणजे सगळे तसे वागले असं कुठे आहे, पण मुद्दा मान्य. मग मराठीतला नमुना द्यायचा तर आगरकर. १८८८ ला 'सुधारक' काढला तेव्हा 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार', यात दोन क्रियापदं वेगळी ठेवलीयेत ते लक्षात घ्या, करण्याला 'साध्य'ची अट आहे, बोलण्याला नाही. बोलायचं सगळं! पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली त्यांची.

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार, निर्भीडपणा फायनल. आगरकरांचं वाक्य चोरतेय. 'पाया' पण काढायला हवा हे पटलं, त्याऐवजी 'पाश्चात्त्यांनी ज्याला डोक्यावर घेतलं आणि विषही पाजलं' असं काहीतरी करते. फक्त अंकाची जाहिरात त्याच वाक्यावर छापून झालीये आणि संपादक नात्याने आमचे मामा लागतात. उद्या फोन करीन म्हणते.