ट्रॅकवर बाइक शिकवतो, आता टीम उभी करायची आहे. माणसं कशी निवडू?

सिंहगडरोडकर:

नमस्कार मंडळी. धायरीला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, बारा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांपैकीच चार-पाच पोरं मागे लागली, म्हणून तळेगावच्या पुढचा एक कार्टिंग ट्रॅक रविवारपुरता भाड्याने घेतला आणि वळणं कशी घ्यायची ते शिकवायला लागलो. चेन्नईच्या ट्रॅकवर मी स्वतः दोनदा कोर्स केलाय, बाकी जे येतं ते पडून शिकलेलं. तेव्हा मी, माझा मेकॅनिक आणि एक मित्र असे तिघंच होतो. बायको घरून थर्मास भरून चहा द्यायची.

आता रविवारी अठरा जण येतात आणि थर्मासने भागत नाही.

अडचण माणसांची आहे. माझ्याकडे एक चोवीस वर्षांचा पोरगा आहे, रेसिंग करतो, बक्षिसं मिळवलीयत. निम्मे विद्यार्थी त्याचं नाव ऐकून येतात. गेल्या महिन्यात बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ, वय बेचाळीस, लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायची वाट, शिकायला त्याच्या मागे चालले होते. तिसऱ्या लॅपला, म्हणजे फेरीला, पोराने वेग किंचित वाढवला. किंचित म्हणजे त्याच्या हिशेबाने. डाव्या हेअरपिनला, म्हणजे अगदी उलट फिरणाऱ्या वळणाला, गृहस्थांचं पुढचं चाक घसरलं, कॉलरबोन मोडलं. दवाखान्याबाहेर पोरगा मला म्हणाला, "दादा, मी तर चाळीस टक्क्यांवर चालवत होतो." खोटं बोलत नव्हता तो, आणि त्यानेच मला रात्री झोप लागली नाही.

तर विचारायचं असं की, कोच म्हणून रेसरच घ्यावा का? अठरा जणांना किती माणसं लागतात? आणि पगार द्यावा की रोजंदारी?

मुठेकाठचा:

रेसर ठेवाच. २०२३ ला नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, बाइक रेसिंगची जागतिक स्पर्धा, झाली तेव्हापासून प्रत्येकाला वळणावर गाडी झुकवून गुडघा टेकवायचाय. टेकवून दाखवणारा नसेल तर पोरं पैसे कशाचे देतील? कॉलरबोनचं मनावर घेऊ नका. माझं दोनदा मोडलंय.

टँकवाली:

मुठेकाठच्यांच्या दोन्ही हाडांबद्दल सहानुभूती आहे, पण त्यांचं ऐकू नका.

मी अकरा वर्षं पोहायला शिकवलं, त्यातली बरीचशी टिळक टँकवर. गेली नऊ वर्षं बाइक शिकवते, जास्त करून चेन्नई आणि कोइमतूरला, कारण मोठे ट्रॅक तिकडे आहेत. घाबरलेल्या माणसापुढे तुम्ही सुंदर पोहून दाखवलंत तर तो पोहायला शिकत नाही, आपल्याला येत नाही एवढंच त्याला नव्याने कळतं. शिकवणारा काठावर उभा असतो आणि त्याचं लक्ष पोराच्या मानेकडे असतं. मान वर ताठली की पाय बुडतात. आईबाप कठड्यावरून "पाय मार, पाय मार" ओरडत असतात आणि पोरगं बिचारं मारतही असतं.

बाइकवर हेच होतं. वळणाच्या मध्यात विद्यार्थी गॅस सोडतो. वजन पुढे पडतं, गाडी अस्थिर होते, तो आणखी दचकतो आणि झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबतो. तुमचा पोरगा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे, येऊन सांगणार, "काका, गॅस सोडायचा नाही." अहो, काकांना ते ठाऊक आहे! काका गॅस सोडतात कारण ते पुढच्या चाकासमोरच्या दहा फुटांकडे बघताहेत, आणि एवढ्या जवळचं डांबर अंगावर येतंय असंच वाटतं. त्यांची नजर उचलून वळण जिथे सुटतं तिथे लावा, मग गॅसबद्दल बोलावंच लागत नाही. गॅस सुटलेला कुणालाही ऐकू येतो. नजर कुठे अडकली ते ज्याला दिसतं, त्याला मी कोच म्हणून घेते.

रेसरना हे जमतच नाही असं नाही. पण लहानपणी शिकलेला माणूस स्वतः काय करतो हे त्यालाच सांगता येत नाही. उजवीकडे वळायचं तर वेगात असताना उजवं हँडल पुढे ढकलावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. एका चांगल्या रेसरला मी विचारलं, तू हे कसं करतोस. म्हणाला, मी हँडल वापरतच नाही, अंगाने वळवतो. मी त्याच्या मागे तीन लॅप गेले. प्रत्येक वळणाला गडी हात ढकलत होता.

म्हणून नवा माणूस घेताना मी लॅप टाइम विचारत नाही. कधी पडलास आणि का, हे विचारते. तेल सांडलं होतं, टायर थंड होता, पुढचा आडवा आला, अशी सगळीच कारणं बाहेरची निघाली तर चहा पाजून रवाना. मग त्याला एका नवशिक्याच्या मागे तीन लॅप सोडते, ओव्हरटेक न करण्याच्या अटीवर. काहींना एवढंही सोसत नाही, दुसऱ्याच लॅपला चाक शेजारी आणतात. परत आल्यावर त्या नवशिक्याला त्याने एक गोष्ट सांगायची. एकच. पाच सांगणारे हुशार असतात, पण ऐकणारा पुढच्या वळणापर्यंत पाचही विसरतो. शेवटी त्याला बारा ते दोन उन्हात झेंडा घेऊन वळणावर उभं करते. रुसला तर रुसला.

आता माणसं किती. अठरांचे सहा-सहाचे तीन गट करा. एक ट्रॅकवर, एक वर्गात, एक पाणी पीत बसलेला. वीस मिनिटांनी फिरवा. तीन विद्यार्थ्यांमागे एक कोच, त्याच्या वर मी जात नाही. म्हणजे ट्रॅकवर दोन, वर्गात एक, आणि एक काठावर बाइकशिवाय. हा चौथा पैसे वाया घालवल्यासारखा वाटतो, पण सगळ्यात जास्त त्यालाच दिसतं. तुमचा ट्रॅक छोटा आहे, वळणांवर झेंडे घेऊन उभे राहणारे चार मार्शल पुरतील. एक मेकॅनिक. ॲम्ब्युलन्स आणि तिच्यात शिकलेला माणूस, नुसता ड्रायव्हर नव्हे. ॲम्ब्युलन्स पेशंट घेऊन गेली की ती परत येईपर्यंत सगळ्या गाड्या बंद, भाडं चालू असलं तरी. आणि दवाखान्याचा रस्ता रविवारी संध्याकाळी एकदा स्वतः गाडीने जाऊन बघा. लोणावळ्याहून परतणारी गर्दी जुन्या हायवेवर लागली की नकाशावरची दहा मिनिटं दहा राहत नाहीत.

या सगळ्यांत तुम्ही ज्याचं नावही काढलं नाही तो माणूस आधी शोधा. पिटच्या तोंडाशी उभा राहणारा. हेल्मेटचा पट्टा ओढून बघायचा, ग्लोव्ह्ज बघायचे, डोळे बघायचे. माझ्याकडे जास्तीत जास्त पडापडी जेवणानंतरच्या पहिल्या सत्रात होते, आणि जो पडणार असतो तो बरेचदा गेटवरच ओळखू येतो, उगाच हसत असतो. त्याला "आता नाही, पुढच्या सत्राला" म्हणणारा हवा. समोर दहा-बारा लाखांची गाडी आणि तिच्यावर कंपनीचा डायरेक्टर असला तरी. कोचला हे जमत नाही, त्याला विद्यार्थ्यांचं आवडतं राहायचं असतं. मालकाला तर त्याहून जमत नाही, त्याने फी घेतलेली असते. माझ्याकडे हे काम एक निवृत्त एसटी कंडक्टर करतात. बाइक येत नाही, आयुष्यभर लूना चालवली. पण "जागा नाही" म्हणायची तीस वर्षांची सवय आहे.

हिशेबनीस:

ताईंचं सगळं मान्य, पण खिसा बघा. इतक्यात पगारावर कुणाला घेऊ नका. मावळात जून ते सप्टेंबर तुमचा ट्रॅक ओलाच असणार, उरलेल्या आठ महिन्यांचे रविवार साधारण पस्तीस. त्यात सण, लग्नं, परीक्षा. रोजंदारी ठरवा, लेखी करार करा, टीडीएस कापायचा असेल तर कापा. मात्र पावसाळ्यात नियमित माणसांच्या हातावर थोडं तरी ठेवा, गाड्या खोलून ठेवायचं काम द्या. नाहीतर ऑक्टोबरला फोन उचलत नाहीत.

विम्याचं कुणीच बोललं नाही. गाडीची पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादांचा परिच्छेद वाचा. रेसिंग, पेसमेकिंग (पुढे राहून वेग ठरवून देणं), स्पीड टेस्टिंग यांना विमा लागू नाही असं त्यात छापलेलं असतं. शिकवणं म्हणजे रेस नव्हे, असा वाद घालता येईल. पण तो तुम्ही मोडलेली गाडी शेजारी उभी करून सर्व्हेयरसमोर घालणार. शाळेच्या गाड्यांचं नुकसान खिशातूनच जाणार असं धरून फी लावा, आधी डिपॉझिट घ्या. माणसांसाठी गटाचा वैयक्तिक अपघात विमा काढा, त्यात मार्शलही धरा. ट्रॅकवरचं प्रशिक्षण धरलंय का ते एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या, तोंडी "हो साहेब, सगळं येतं" चालणार नाही.

आणि "मी माझ्या जबाबदारीवर" या कागदावर सही घेता ना? घेत राहा. तुमच्याकडून हलगर्जीपणा झाला तर ती सही तुम्हाला वाचवेलच असं नाही. बँकवाल्या गृहस्थांकडे पेढे घेऊन जा. थट्टा नाही, जा.

पिवळा_झेंडा:

इंजिनीअरिंग करताना दोन सीझन मार्शल होतो, म्हणून एवढंच. मार्शलला पैसे कमी देता ते समजू शकतो, पण पाणी, टोपी आणि बदली द्या. मी एकदा चार तास एकाच वळणावर उभा होतो. चौथ्या तासाला माणूस बघतो पण त्याला दिसत नाही.

सकाळच्या ब्रीफिंगला झेंडे विद्यार्थ्यांना समजावता, ते आधी मार्शलकडून वदवून घ्या. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. लाल म्हणजे सत्र बंद, हळू हळू पिटमध्ये. शेजारच्या वळणावरच्या पोराने एकदा तिन्ही झेंडे एकदम वर केले होते, घाबरून.

तो घाबरला होता कारण एका गाडीचा कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, सांडला होता. मेकॅनिकला सांगा, रेडिएटरमध्ये साधं पाणीच हवं. पाणी वाळतं, कूलंटमधलं ग्लायकॉल वाळत नाही, तेलासारखं पसरून बसतं. आमची दोन सत्रं डांबर धुण्यात गेली. ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार, हेडलाइटला चिकटपट्टी, आरसे काढून. हे सगळं आदल्या दिवशी गॅरेजवर, ट्रॅकवर सकाळी सात वाजता नाही.

सिंहगडरोडकर:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले कारण आधी करून बघायचं होतं.

गेल्या रविवारी पोराला बाइक न देता काठावर उभं केलं. पहिलं सत्र तोंड फुगवून होता, मोबाइल बघत होता, मी काही बोललो नाही. दुसऱ्या सत्रात आपणहून आला. "दादा, त्या निळ्या हेल्मेटवाल्याची कोपरं ताठ आहेत." मी म्हटलं, का? तो म्हणाला, "माहीत नाही. परत बघून सांगतो." तिसऱ्या सत्रानंतर सांगायला आला की तो माणूस मांड्यांनी टाकी धरतच नाही, सगळं अंग हातांवर पेलतो. निळ्या हेल्मेटवाल्याला मग एवढंच सांगितलं. ताई, हे पोरगं ठेवतोय.

बँकवाल्यांकडे पेढे नेले. हाड जुळलं की परत येतो म्हणाले. अट घातलीय की त्या पोराच्या मागे नको, पोरगा माझ्या मागे.

आता गेटवरचा माणूस तेवढा राहिला. माझे सासरे पीएमपीच्या बसवर कंडक्टर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दिवसभर पेपर वाचतात आणि सगळ्यांना बोलतात. पण त्यांना बोलवायचं म्हणजे, तुम्हाला कल्पना असेल, त्यांनी मला पहिल्यांदा "नाही" म्हटलं होतं ते मी अजून विसरलेलो नाही.

टँकवाली:

म्हणजे परीक्षा झालेली आहे. ताबडतोब घ्या. खुर्ची द्या, टेकायला पाठ असलेली, सावलीत. आणि पहिल्या दिवशी त्यांनी तुम्हालाच गेटवर अडवलं तर वाद न घालता मागे फिरा, अठरा जण बघत असतील.

सिंहगडरोडकर:

बोललो त्यांच्याशी. रविवारी येतायत. विचारलं, शिट्टी मिळेल का.