मिसळीच्या वासानेच वजन वाढतंय का राव?

सिडकोकर
मंडळी, सिडकोत पहिल्या मजल्यावर राहतो, खाली मिसळवाला. सकाळी साडेसातला तर्रीची फोडणी पडली की काळ्या मसाल्याचा वास सरळ बेडरूममधे. घरनं पोहे खाऊन निघतो तरी पाय तिकडंच वळतात. चार महिन्यात ७४ चा ८० झालो. बायको म्हणते खिडकी लावून घ्या, मित्र म्हणतो नाकाला कापूर लाव म्हणजे वासच येणार नाही. वास बंद केला तर खरंच खाणं कमी होतं का? कुणाला अनुभव?

गोदाकाठची
मला आहे ना, फुकटचा. २०२१ ला कोरोनात वास गेला तो पाच महिन्यांनी आला. आधी ४ किलो उतरले कारण वरण-भात म्हणजे ओला कागद चावल्यासारखं, आणि मी खूश. मग काय झालं, जिभेला खारट, आंबट आणि तोंडाला कुरकुरीत एवढंच कळत होतं म्हणून चिवडा, लोणचं, वेफर्स, रोज, संध्याकाळी पिशवीच घेऊन बसायचे. गेलेले ४ परत आले, वर २ बोनस. कापूर बिपूर नको लावू भाऊ.

सातपूरचा मास्तर
ताईंचं बरोबर आहे. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मटणाच्या रश्शाची ती भरीव चव) ओळखते, तिखट म्हणजे तर चव नाहीच, झोंबणं आहे. हिंग की जिरं हे घशामागून नाकात जाणाऱ्या वासाने कळतं. नाक चिमटीत धरून धणे चावून बघ, नुसता भुसा लागेल.
२०१७ मधे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांचा वास घालवला तेव्हा ते चरबीचं खाऊनही फार जाड झाले नाहीत, पण खाणं कमी झालं म्हणून नाही, शरीर चरबी जास्त जाळायला लागलं, आणि सोबत ताणात सुटणारं संप्रेरक नॉरअ‍ॅड्रेनलिनही वाढलं, जे हृदयाला बरं नाही. अमेरिकेत सेन्सा नावाची पावडर होती, जेवणावर भुरभुरा, वासाने वजन उतरेल म्हणून विकायचे, २०१४ ला तिथल्या व्यापार आयोगाने खोट्या दाव्यांपायी २.६५ कोटी डॉलर भरायला लावले.
खरी गंमत जिलबीत आहे. मिसळ खाऊन तिसरा पाव नको म्हणतोस ना, मग जिलबी दिसली की जागा कशी होते? एकाच चवीचा कंटाळा येतो, चव बदलली की भूक पुन्हा चालू. मिसळीसोबत पापड, दही, जिलबी, ताक सगळं घेतोस का ते सांग आधी.

सिडकोकर
घेतो. सगळं. 🙈

पंचवटीची काकू
अरे बाळा, दिवाळीत चकल्या तळायला बसले की दुपारपर्यंत वासानेच पोट भरतं, मला एकही खाववत नाही, आणि बाहेरनं आलेला आमचा पोरगा उभ्या उभ्या सहा संपवतो. वास एकच पण तो दोन मिनिटं घेतो, मी चार तास. तुझ्या त्या मिसळवाल्याला विचार तो स्वतः सकाळी काय खातो.

सिडकोकर
विचारलं काकू आत्ताच. घरनं डबा आणतो म्हणे, पोळी आणि भेंडी, मिसळ समोर नको वाटते. जिलबी नको म्हणून सांगितलं त्याला, तर हे बोलता बोलता प्लेट समोर ठेवली राव. पापड मोडलाय, आता खातो.