सोडून आलेल्या शहरातल्या मित्रमैत्रिणींकडे परत गेलात का? अनुभव सांगा

उंबरठा
काल कपाट आवरताना एका डबीत दुसऱ्याच कुणाच्या तरी घराची किल्ली सापडली. बघताक्षणी ओळखली. ते शहर सोडताना मैत्रिणीला परत द्यायला गेले होते तर ती म्हणाली राहू दे तुझ्याकडे, लागेल कधीतरी. आता ती त्या घरात राहतही नाही, कुलूपही बदललं असणार, पण किल्ली माझ्या सगळ्या बदल्यांमधून माझ्यासोबत फिरलीये.

तिच्याकडे मागे गेले होते ते आठवलं म्हणून लिहितेय. जायच्या आधी खूप धाकधूक होती. मधल्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे वाढदिवस, आणि "निवांत बोलू गं" एवढंच. दार उघडलं तर ही खांद्याला फोन लावून कुणाशी तरी बोलतेय, हातानेच आत ये अशी खूण केली आणि चालता चालता चिमट्यांची पिशवी माझ्या हातात दिली! पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी तिच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला लागले. तिला मोजे जोडीनेच वाळत घातलेले लागतात, ते माझ्या हातांना अजून पाठ होतं. तिचा फोन संपेपर्यंत अर्धी दोरी भरली होती, मग ती आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बारीक झालीस गं." पुढे काय काय बोललो ते फारसं आठवत नाही, पण तिने मला पाहुणी म्हणून सोफ्यावर बसवलं असतं तर मला रडू आलं असतं हे नक्की.

तुमचं काय झालं? चांगलं, वाईट, अर्धवट, कसंही लिहा.

शेवटचा_बाक
आमच्यात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी तिथून निघाल्यानंतर पैशावरून काहीतरी झालं, दोघांनी मला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, मी त्यात पडलो नाही. त्यामुळे आता गेलं की सकाळ एकाकडे आणि संध्याकाळ दुसऱ्याकडे. पहिला मी बूट घालेपर्यंत काही बोलत नाही, लिफ्टचं बटण दाबलं की हळूच म्हणतो, "त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, कोण होतं रे त्याच्यासोबत, विचार जरा. मी विचारलं म्हणू नकोस." दुसऱ्याकडे गेलो की तो सरळच, "तो अजून रात्री जागतो का? बीपी आहे त्याला, कळत नाही का." दोघांचा निरोप्या मी! पूर्वी सुचवायचो, एकदा एकत्र बसू या म्हणून. आता नाही सुचवत. माझ्याकडून एकमेकांची खबर घेतात ना, तेवढी तरी वाट चालू राहू दे, आणि ती चालू राहावी म्हणून मी जात राहणार.

रात्रपाळी
वाचतेय सगळं. मशीन लावलंय, मुलं झोपली की लिहिते. @उंबरठा मोज्यांचं वाचून गलबलून आलं

जिना_दुसरा
मुक्काम कुठे करायचा यावर कुणीतरी लिहा ना प्लीज. मी मागच्या वेळी हॉटेल घेतलं कारण मैत्रिणीकडे सासूसासरे, दोन मुलं, जागा लहान, तिला त्रास नको. तर ती इतकी दुखावली की पहिला तासभर फक्त त्यावरच. "माझं घर काय पडलंय का?" शेवटी रूम सोडली आणि तिच्याकडे खाली गादी टाकून झोपले, तेव्हा कुठे बाईसाहेब बोलायला लागल्या. पाठ मात्र धरली ती अजून सुटलेली नाही.

शेवटचा_बाक
पाठीला गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या आणि लगेच जड उचलू नका. आठवड्यात कमी नाही झालं तर दाखवून घ्या, अंगावर काढू नका.

जिना_दुसरा
हो घेते, थँक्यू दादा 🙏

मी_इथेच
मी शहर न सोडलेली. माझी बाजू पण लिहिते कारण ती कुणी विचारत नाही.

आमच्या ग्रुपमधली एकटी मी इथे राहिले. बाकी सगळे गेले आणि सगळे येतात, वर्षातून एकदा, दोन वर्षांतून एकदा, आणि सगळ्यांचा मेसेज तोच, "तू तिथेच आहेस ना, तूच ठरव." मग कुणाला कुठला दिवस जमतो, कुणाची गाडी किती वाजता, कुणाचं बाळ किती वाजता झोपतं, सगळं माझ्याकडे. करते मी, प्रेमाने करते. पण येणाऱ्याची सुट्टी असते आणि आमचा मंगळवार असतो. त्यांना सगळं पूर्वीसारखं दिसायला हवं असतं, ते दुकान बंद झालं, तो रस्ता रुंद केला, की चेहरे पडतात, जसं काही मी नीट सांभाळलं नाही. आणि अगं मी इथे रोज राहते, माझ्यासाठी ते कधीच बदलून जुनंही झालं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते गेल्यानंतरची संध्याकाळ. तुम्हाला निदान प्रवास असतो, उतरलं की पुढचं घर असतं. मी स्टेशनवरून त्याच रस्त्याने घरी येते जिथे सकाळी आम्ही सगळे दात काढत चाललो होतो.

म्हणून सांगते, गेट-टुगेदर करा, फोटो काढा, पण एकदा तरी मधल्या वारी या. माझ्याबरोबर बँकेत चला, लाइनीत उभ्या राहा. माझं आयुष्य आत्ता कसं चाललंय ते तिथे कळेल, फोटोत नाही कळणार.

उंबरठा
@मी_इथेच हे मी माझ्या मैत्रिणीला पाठवलं. तिने फक्त "हो" लिहिलंय.

मागची_खिडकी
@मी_इथेच तुमच्या बँकेच्या लाइनीवरून आठवलं. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल म्हणून आहेत, त्यांचा 2018 साली अभ्यास आला होता. गेल्या सहा महिन्यांत नवीन गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं यांना विचारलं की नव्याने ओळख झालेल्या माणसाबरोबर किती वेळ घालवलात आणि तो आता तुमचा कोण. तर ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण 50 तास, मित्र म्हणण्यासारखा व्हायला 90 आणि जवळचा व्हायला 200 च्या वर असं निघालं. आणि कामाच्या ठिकाणचे तास त्यात फारसे धरता येत नाहीत, एकत्र रिकामं बसणं, भटकणं, गप्पा हे तास धरायचे. मी नवीन शहरात आलो तेव्हा हे वाचून धीर आला होता, की माझ्यात काही कमी नाही, तास भरायचेत. पण दुसरं असंही वाटलं की जुन्या शहरात ज्यांच्याबरोबर ते तास आधीच भरलेत त्यांना सोडून कसं चालेल, एवढा वेळ आता या वयात परत कुठून आणणार? तेव्हापासून दरवर्षी जातोच. काही ठरवत नाही, मित्राच्या दुकानात जाऊन बसतो. गिऱ्हाईक आलं की तो उठतो, मी पेपर वाचतो.

पानगळ
माझा मित्र आता नाही. तरी त्या शहरात गेलो की त्याच्या घरी जातो, काकांना भेटायला. पहिल्यांदा जाताना पाय उचलत नव्हते, काय बोलणार त्यांच्याशी. ते बसले, मी बसलो, पंखा चालू. मग त्यांनी मोबाइल पुढे केला, "हे बघ रे, आवाज येत नाही, कळतच नाही कुणाचा फोन आला." फोन सायलेंटवर होता. नीट केला, रिंग वाजते का बघायला माझ्या फोनवरून लावला, तर त्यांच्या स्क्रीनवर माझं नाव आलं, कंसात त्याचं नाव आणि पुढे "मित्र". त्यानेच सेव्ह करून दिलेलं होतं. आम्ही दोघांनी ते वाचलं. काका म्हणाले, वाजतोय बघ.

आता दर भेटीत माझ्यासाठी एखादं काम काढून ठेवतात, गॅसचं ऑनलाइन बुकिंग, हयातीचा दाखला, काहीतरी. मीही वेळ काढूनच जातो.

शेवटचा_बाक
🙏 जात राहा भाऊ.

रात्रपाळी
@पानगळ काय लिहू कळत नाहीये. काकांना नमस्कार सांगा.

झोपली एकदाची मुलं. माझं फार काही गोड नाही. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींना भेटायला गेले, सगळ्या आल्या, छान वाटलं, पण पंधरा मिनिटांत गाडी ऑफिसवर. नवीन साहेब, कुणाचं प्रमोशन अडकलं, कुणी कुणाला काय सुनावलं. सगळ्या हसताहेत आणि मला एकही नाव माहीत नाही, मी उगाच सगळ्यांबरोबर हसतेय. वाटलं उठावं आणि जावं. तेवढ्यात माझ्या शेजारी बसायची ती उठून माझ्या बाजूला आली आणि कानात सांगायला लागली, "हा म्हणजे तुझ्या जागेवर आलाय तो. तुझा ड्रॉवर अजून अडकतो, रोज शिव्या घालतो." मग संध्याकाळभर ती मला कोण कोण ते सांगत राहिली, मॅच बघताना कुणी समजावून सांगतं ना तसं. बाकीच्यांशी आता संबंध नाही राहिला, खरंच नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. हिच्याशी मात्र रविवारी फोन असतोच.

चष्मा_कुठेय
मैत्रिणीच्या मुलीने दार उघडलं आणि आत ओरडली, "आई, एक काकू आल्यात!" आतून मैत्रीण त्याहून जोरात, "काकू नाही, मावशी आहे ती तुझी!" मी तिथेच जिंकले 😄

जिना_दुसरा
@चष्मा_कुठेय 😂❤️
@मी_इथेच तुमचं वाचून मैत्रिणीला आत्ताच मेसेज टाकला की या वेळी सुट्टी बघून नाही, मधल्या वारी येते. तिचा रिप्लाय: "ये की. पोराची परीक्षा चालू आहे, भूगोल तू घे." भूगोल! मला दिशा पण कळत नाहीत

मागची_खिडकी
कितवीला आहे?

जिना_दुसरा
सातवी

मागची_खिडकी
मग नकाशे आधी घ्या, व्याख्या मागून. ऋतू आणि ग्रहणं दोन्ही गोल आणि टॉर्च घेऊन दाखवा, पोरं विसरत नाहीत. घरात पृथ्वीचा गोल आहे का त्यांच्याकडे?

जिना_दुसरा
विचारते. नसेल तर चेंडूवर पेनने काढू