मदत हवी आहे: क्रूझवर बाल्कनीची खोली नेमकी कुठली घ्यावी? (सोबत आई-बाबा)

कृष्णाकाठी:

नमस्कार मंडळी,

यंदा बाबांची एकसष्टी. हॉल नको, जेवणावळ नको, हे त्यांनीच बजावलं. म्हणून नाताळच्या सुट्टीत सिंगापूरहून क्रूझला जायचं ठरलंय. चार रात्री, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. आई, बाबा, मी, बायको आणि आठ वर्षांची लेक. शेजारच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "सांगलीकरांनी पैसे देऊन पाणी बघायला जायचं?"

बोट १८ मजली, तीनशे मीटरहून लांब. नाव मुद्दाम लिहीत नाही, आमचा ट्रॅव्हल्सवाला इथे वाचत असण्याची दाट शक्यता आहे. बाल्कनीच्या दोन खोल्या घ्यायच्या एवढं नक्की. कुठल्या, यावर घरात रोज संध्याकाळी सभा भरते.

बाबांना सगळ्यात वरचा मजला हवा. कारण सांगलीबाहेरच्यांना पटणार नाही. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागात होतो. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्याही वर. कपाट, आईचं शिलाई मशीन, माझी सर्टिफिकेटं, सगळं चिखलात. तेव्हापासून बाबा लॉजवर गेले तरी भाडं नंतर, आधी "कितवा मजला?" विचारतात.

आईला गाडी लागते. आंबा घाट उतरेपर्यंत दोन-तीनदा थांबावं लागतं. तिला कुणीतरी सांगितलंय की बोटीत खाली झोपलं की कमी लागतं. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट जवळ हवी. आणि बायकोचं म्हणणं, बाल्कनीतून समुद्र दिसला पाहिजे, दुसऱ्याचा टॉवेल नको.

ट्रॅव्हल्सवाल्याने चार पर्याय दिलेत. पहिला, १५ व्या डेकवर, पुढच्या बाजूला ("साहेब, एक नंबर व्ह्यू"). दुसरा, ८ व्या डेकवर मध्यभागी, थोडा स्वस्त. तिसरा, १० व्या डेकवर अगदी मागे, बाल्कनी मोठी. चौथ्याला तो "ग्यारंटी रूम" म्हणतो, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे. ग्यारंटीही आहे आणि स्वस्तही, मग लोक दुसरं घेतात कशाला, हे मला कळेना.

डेक प्लॅनची पीडीएफ आहे, पण ती बघून डोळे फिरतात. डावी बाजू घ्यावी की उजवी, यानेही काही फरक पडतो का? अनुभवी लोकांनी सांगा. रविवारपर्यंत पैसे भरायचे आहेत.

---

भडंग_प्रेमी:

१५ वा डेक घेण्याआधी १६ व्यावर काय आहे ते बघा. पूल असेल तर आमची कथा ऐका.

आम्हीही हौसेने सगळ्यात वरच्या बाल्कनीच्या खोल्या घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला डोक्यावर घर्रर्र, घर्रर्र. हिला वाटलं इंजिन बिघडलं. वर जाऊन बघतो तर कामगार पुलाच्या कडेच्या आरामखुर्च्या ओढून रांगेत लावत होते. रात्री बारापर्यंत तिथेच गाणी. खोली बदलून मागितली तर बोट फुल. तीन रात्री कानात कापूस घालून काढल्या.

ज्यांच्या गच्चीवर उन्हाळ्यात शेजारणी वाळवणं घालतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

---

चंदनवंदन:

बावीस वर्षं जहाजावर काढली, आता साताऱ्यात निवांत आहे. माझी जहाजं मालवाहू होती, पण समुद्र काय, तोच.

आईंचं बरोबर आहे, पण अर्धंच. लाल डब्याच्या शेवटच्या बाकावर बसून कुणी प्रवास केलाय? खड्डा आला की तिथला माणूस टपाला लागतो आणि दोन चाकांच्या मधे बसलेल्याला पत्ताही लागत नाही. जहाजाचंही तसंच. लाट आली की नाक वर जातं, शेपूट खाली, मग उलट. मध्यावर हे सगळ्यात कमी जाणवतं. दुसरी हालचाल म्हणजे डावी-उजवीकडे डोलणं. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवर वर बसलेला जास्त झुलतो, तसं ते वरच्या मजल्यांवर जास्त. डोलणं कमी करायला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण नाक-शेपटीच्या वरखाली होण्यावर त्यांचा इलाज नाही. म्हणून नुसतं खाली नव्हे, तर मध्यावर आणि फार वर नाही, अशी खोली बघा. १५ वा डेक, तोही पुढे, म्हणजे आईंसाठी दोन्ही चुका एकदम. शिवाय जहाज १८-२० नॉटने, म्हणजे ताशी पस्तीसेक किलोमीटरने चाललेलं असतं. पुढच्या बाल्कनीत चहाचा कप धरवत नाही.

मागच्या खोल्यांची बाल्कनी खरंच सुंदर. पाण्यावर उमटत जाणारी पांढरी वाट तासन्‌तास बघावी अशी असते. पण इंजिन-प्रोपेलरची थरथर तिथे जास्त, आणि गुडघेदुखीच्या माणसाला बोटीच्या टोकापासून लिफ्ट आणि जेवणघरापर्यंतची पायपीट रोज चार वेळा.

बाबांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, डेकचे आकडे पाण्याखालपासून सुरू होतात हे खरं, पण ८ वा डेक तुमच्या बोटीवर बहुधा लाइफबोटींच्याही वर असेल. तिथवर पाणी आलं तर १५ व्यावाल्यांचंही काही खरं नाही.

---

कृष्णाकाठी:

@चंदनवंदन काका, मोठा प्रतिसाद वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं, पण १० च्या खाली नको." तडजोड म्हणायची.

@भडंग_प्रेमी, प्लॅन पाहिला. १५ च्या वर पूलच आहे!

---

मिरजेचा_तंबोरा:

आधी ग्यारंटीचं. तुमच्या ट्रॅव्हल्सवाल्याने शब्द खरा वापरला, अर्थ सांगितला नाही. ग्यारंटी एवढीच, की बाल्कनीची किंवा त्याहून वरच्या दर्जाची खोली मिळेल. कुठल्या मजल्यावर, पुढे की मागे, कशाच्या खाली, हे कंपनी नंतर ठरवते. मिळेल ती घ्यायची. दोन खोल्या घेतल्यात तर त्या शेजारी येतील याचीही खात्री नाही. एकट्यादुकट्याने, झोप गाढ असेल तर खुशाल घ्यावी. आई-बाबांना घेऊन नाही.

आता डेक प्लॅन. मी ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे हे माझं आवडतं काम. तुमच्या मजल्याचा, त्याच्या वरचा आणि खालचा असे तीन कागद एकाच मापात छापा आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. खोलीच्या वर खोली आणि खाली खोली आली की डोळे मिटून घ्या. वर बुफे, पूल किंवा पळायचा ट्रॅक, खाली थिएटर किंवा डिस्को, हे नको. प्लॅनवर काही जागा नुसत्या पांढऱ्या सोडलेल्या दिसतील. त्या रिकाम्या नसतात. स्वयंपाकघर, भांडार, कामगारांचे जिने असं काहीतरी तिथे असतं आणि पहाटे ट्रॉल्या फिरतात.

८ वा डेक स्वस्त का, तेही यातच कळेल. खाली लाइफबोटी असतील तर समोर समुद्र दिसतो, पण कठड्यावरून वाकलं की नारिंगी टपं. आणि ७ व्यावर बार किंवा दुकानांचा रस्ता असेल तर रात्री ढोल पोटात वाजतो.

लिफ्ट जवळ हवी, पण समोर नको. रात्री एकला लोक गप्पा मारत उभे असतात. चार-सहा दारं सोडून घ्या.

एक गोष्ट मात्र उलटी सांगतो. दोन खोल्यांच्या मधे दार असलेल्या कनेक्टिंग खोल्या लोक टाळतात, कारण त्या दारातून शेजाऱ्यांचा आवाज येतो. तुम्ही तर त्याच मागून घ्या. शेजारी तुमचेच आई-बाबा. रात्री आईंना त्रास झाला तर बाहेरच्या बोळातून जायला नको. बऱ्याच बोटींवर दोन बाल्कन्यांमधला पडदाही सांगितलं तर उघडून देतात.

---

पावसाळी_ढग:

काही नव्या बोटींवर "बाल्कनी" म्हणून आतल्या चौकात उघडणारी बाल्कनीही विकतात. ओएसिस ऑफ द सीज आणि तिच्या बहीण-बोटींवर आहे तशी. खाली झाडं, दुकानं, बाकं. वाईट नाही, पण समुद्र नाही. वहिनींना सांगून ठेवा.

---

चंदनवंदन:

डावी-उजवीचं राहिलंच. सिंगापूरहून पेनांगकडे जाताना जहाजाचं नाक साधारण वायव्येला, म्हणजे डाव्या अंगाला नैर्ऋत्य. डिसेंबरात सूर्य तिकडेच मावळतो. परत येताना नाक आग्नेयेला, तेव्हा सकाळचं कोवळं ऊन तिरकं का होईना, डावीकडेच येईल. मी असतो तर डावी घेतली असती. मलायाचा किनारा जाताना उजवीकडे राहतो, पण जहाज इतकं लांबून जातं की फार काही दिसत नाही.

आईंना धीर द्या. मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूला मलाया आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा यांच्या कुशीत आहे, फार खवळत नाही. फुकेतकडचा अंदमान समुद्र आपल्या पावसाळ्यात तापट, डिसेंबर-जानेवारीत शांत. याच दिवसांत व्हिएतनामकडची सफर घेतली असती तर मी नको म्हणालो असतो, तिकडे ईशान्य मोसमी वारे असतात.

फुकेतला मोठी जहाजं बऱ्याचदा किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात आणि लहान बोटीतून नेतात. त्या बोटीत पाय टाकताना बाबांच्या गुडघ्यांचा विचार करा. ते वर बसून चहा घेतील तर उत्तम.

---

सुगरण_वाळवा:

अॅव्होमिन (गाडी लागण्यावरची गोळी) डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. आलेपाकही. आणि लेकीला सांगा, बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं बोळाकडचं दार उघडायचं नाही. वारा असा खेचतो की दार धाडकन आपटतं, बोटं सापडतात. कठड्याजवळ खुर्ची तर अजिबात नको.

---

कृष्णाकाठी:

मंडळी, काम झालं. काल रात्री तीन कागद काचेला लावून आम्ही पाचही जण उभे होतो. समोरच्या बिल्डिंगवाल्यांना काय वाटलं असेल देव जाणे. १० वा डेक, मध्यभागी, डावी बाजू, वर खोल्या, खाली खोल्या, लिफ्टपासून पाचवं आणि सहावं दार, मधे दार असलेल्या. ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, "हे नंबर तुम्हाला कुणी सांगितले?" ग्यारंटीपेक्षा माणशी साडेचार हजार जास्त पडले. बाबांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, यातच आलं.

एकच राहिलं. आईला समुद्राला नारळ अर्पण करायचाय. बाल्कनीतून टाकला तर चालेल का?

---

चंदनवंदन:

अजिबात नाही. जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला बंदी असते. बाल्कनीतून टाकलेलं वाऱ्याने खालच्या कुणाच्या तरी बाल्कनीत जातं, ते वेगळंच. निघायच्या आधी आयर्विन पुलाखाली कृष्णेला वाहा. तीही शेवटी समुद्रालाच मिळते, वाट थोडी लांबची.